‘गेट लॉज’ला मराठीत काय म्हणावे?

‘गेट लॉज’ म्हणजे मोठ्या इस्टेटीच्या फाटकापाशी राखणदाराच्या कुटुंबासाठी बांधलेले छोटे घर. त्यासाठी कुणी ‘द्वारपालगृह’ हा शब्द सुचवला आहे; तो चुकीचा नाही; पण तो वाचताच देवळातले जय-विजय डोळ्यांपुढे येतात, इस्टेटीच्या फाटकापाशी बायकामुलांसह राहणारा आणि अपरात्री बग्गीची चाहूल लागताच कंदील घेऊन बाहेर येणारा नोकर दिसत नाही. नुसते ‘लॉज’ ठेवावे, तर मराठीत त्या शब्दाचा ताबा एस.टी. स्टँडसमोरच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाटीने केव्हाच घेतला आहे.

‘देवडी’ पुष्कळ जवळ येते. वाड्याच्या किंवा गडाच्या दरवाजातून आत शिरताना बाजूला पहारेकऱ्यांसाठी राखलेली ही जागा असते. मात्र देवडीत पहारा बदलतो, संसार होत नाही. गेट लॉज हे धुराडे असलेले वेगळे घर असते, आणि मुख्य हवेली बहुधा झाडीआड दूर असल्यामुळे धन्याची ऐपत व हौस पाहुण्याला पहिल्यांदा तिथेच दिसावी, अशा बेताने ते बांधलेले असते.

आयर्लंडमधील वॉटरफर्ड परगण्यातले ड्रोमानाचे गेट लॉज याचा कळस म्हणावे लागेल. फिनिस्क नदीच्या पुलापाशी मधोमध कमान, तिच्यावर कांद्याच्या आकाराचा, हिरवट पडलेला तांब्याचा घुमट, बाजूंना सडपातळ मिनार आणि दोन्हीकडच्या खोल्यांना गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय धाटणीच्या, टोकदार खिडक्या! 1826 मध्ये इस्टेटीचे मालक हेन्री व्हिलियर्स-स्ट्युअर्ट नववधूला घेऊन आले, तेव्हा स्वागतासाठी ही कमान प्रथम कागदाच्या लगद्याची उभारली होती, असे सांगतात. ती आवडली म्हणून पुढे पक्की बांधली गेली. ‘लॉज’चे मूळ असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थही तात्पुरता आसरा, खोपटे असाच होता, ही गंमत इथे नोंदवायला हवी. 1960च्या दशकात आयरिश जॉर्जियन सोसायटी या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने या वास्तूची डागडुजी केली.

या शैलीला तिकडे ‘हिंदू-गॉथिक’ म्हणतात. ते नाव मराठीत जसेच्या तसे उचलू नये, असे मला वाटते, कारण घुमट आणि मिनार हा मोगली थाट आहे आणि त्या काळच्या इंग्रजीत ‘हिंदू’ हा शब्द सरसकट हिंदुस्थानातल्या कशालाही लावला जाई. तेव्हा ‘हिंदुस्थानी-गॉथिक’ म्हणावे, आणि ‘गेट लॉज’ला ‘देवडीघर’; त्यातल्या ‘घर’ने चुलीचीही सोय होते.