सहायक, सहाय्यक की दुय्यम? आल्फ्रेडच्या भूमिकेला मराठीत काय म्हणावं

आमच्या शेजारची मुलगी तिच्या महाविद्यालयातलं चित्रपट मंडळ सांभाळते. येत्या शनिवारपासून तीन आठवडे ते ख्रिस्तोफर नोलनची बॅटमॅन चित्रत्रयी दाखवणार आहेत. भिंतीवर लावायच्या पत्रकाचा मसुदा घेऊन ती काल संध्याकाळी आली. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे आमच्या पंचवटीतल्या गल्लीत काही छापायचं असलं की ते आधी माझ्याकडे येतं. मसुद्यात एक ओळ होती : ‘ज्येष्ठ अभिनेते मायकेल केन यांची सहाय्यक भूमिका’. तिने विचारलं, “मावशी, सहाय्यक बरोबर आहे ना? का सरळ दुय्यम लिहू? एक जण म्हणाला, चरित्र अभिनेता लिही.”

तिला उत्तर दिलं, पण रात्रभर विषय डोक्यातून गेला नाही. म्हणून इथे मांडते.

आधी लेखन. ‘सहाय’ हा मूळ शब्द. त्याला क लागला की ‘सहायक’. त्याचंच भाववाचक नाम करताना पहिला स्वर वाढतो आणि शेवटी य येतो, जसं पंडितचं पांडित्य, सुंदरचं सौंदर्य, तसं सहायचं ‘साहाय्य’. म्हणजे सहायक बरोबर, साहाय्य बरोबर, साहाय्यकही चालतं. ‘सहाय्यक’ मात्र अर्ध्यावर थांबलेला शब्द आहे : य घेतला, पण ‘सा’ केला नाही. मी मसुद्यातला तो जोडलेला य लाल शाईने काढला.

पण मला खरं बोलायचं आहे ते अर्थाबद्दल. सहाय म्हणजे ‘सह’ जाणारा, बरोबर चालणारा. मदतनीस हा अर्थ नंतरचा, आधी सोबती. नायक या शब्दात ‘नी’ धातू आहे, नेणारा. एक नेतो, दुसरा बरोबर जातो. दोन्ही शब्द चालण्याशी जोडलेले आहेत आणि त्यात कोण मोठा, कोण लहान हे कुठेच नाही. अनुचर मागून चालतो, सहाय शेजारून. ‘दुय्यम’चं तसं नाही. तो फारसीतून आलेला क्रमाचा शब्द आहे, अव्वलच्या खालचा. दुय्यम म्हटलं की आपण त्या माणसाला रांगेत उभं केलं.

आता आल्फ्रेड बघा. बॅटमॅनच्या कथेत ब्रूस वेनचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात आणि त्या मोठ्या घरात मुलाबरोबर उरतो तो हा आल्फ्रेड पेनीवर्थ. केन यांनी ही भूमिका तिन्ही चित्रपटांत केली : २००५, २००८ आणि २०१२. पहिला आला तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. ब्रूसच्या भूमिकेत ख्रिश्चन बेल.

आल्फ्रेड हा त्या घरातला बटलर, म्हणजे घर सांभाळणारा मुख्य नोकर. केन यांनी या बटलरला स्वतःच एक पूर्वायुष्य दिलं होतं. आल्फ्रेड हा आधी लष्करातला माणूस, जखमी झाल्यावर सैनिकांच्या उपाहारगृहात कामाला लागलेला. आणि त्याचा आवाज त्यांनी घेतला आपल्या जुन्या सार्जंटचा. केन स्वतः तरुणपणी कोरियाच्या युद्धात होते. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, तर त्या आवाजातला अदबीखालचा खरखरीतपणा लगेच कानाला लागतो. ट्रे धरलेला हा माणूस प्रसंगी मालकाला थांब म्हणू शकतो, हे तो बोलण्याआधीच आपल्याला पटलेलं असतं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो दुसऱ्या चित्रपटातला पत्राचा प्रसंग. ब्रूसचं जिच्यावर प्रेम असतं त्या रेचलने त्याच्यासाठी पत्र लिहून आल्फ्रेडकडे दिलेलं असतं की मी दुसऱ्याशी लग्न करणार आहे. ती मारली जाते. सकाळी आल्फ्रेड न्याहारीच्या ट्रेमध्ये ते पत्र ठेवून ब्रूसकडे येतो. ब्रूस खुर्चीत खचून बसलेला. तो म्हणतो, ती माझ्यासाठी थांबणार होती. आल्फ्रेड काही बोलत नाही, हात पुढे करून पत्र ट्रेमधून उचलतो. ब्रूस विचारतो, काय आहे ते? तर, नंतर बघू, एवढंच. पुढे तो ते जाळून टाकतो. केन यांचा चेहरा त्यात जवळजवळ हलत नाही, जे काही घडतं ते हाताच्या त्या एका हालचालीत. आणि तिसऱ्या चित्रपटात त्याच पत्रावरून दोघांची ताटातूट होते. गोष्ट जिच्यावर वळते त्या कृतीला दुय्यम कसं म्हणायचं?

‘चरित्र अभिनेता’ मला मराठीत मुळीच रुचत नाही. हा हिंदीतून आलेला प्रयोग आहे. आपल्याकडे चरित्र म्हणजे जीवनकथा. शिवचरित्र म्हणतो, गाडगेबाबांचं चरित्र म्हणतो. चरित्र अभिनेता वाचून मराठी माणसाला वाटेल, हा थोरामोठ्यांच्या भूमिका करणारा नट.

‘ज्येष्ठ’ ठीक आहे, पण तो वयाचा शब्द झाला. मला तिथे ‘मुरब्बी’ हवा होता. आज आपण अनुभवाने पिकलेला या अर्थाने मुरब्बी म्हणतो, बहुतेक राजकारण्यांसाठी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र पालनपोषण करणारा, वाढवणारा. गुजरातीत वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना अजून मुरब्बी लिहितात. केन आजच्या अर्थाने मुरब्बी नट, आणि आल्फ्रेड जुन्या अर्थाने मुरब्बी : त्याने ते मूल वाढवलं. एकाच शब्दात नट आणि पात्र दोघंही बसतात, असं फार वेळा होत नाही.

दोन गोष्टींवर मला तुमची मदत हवी आहे. बटलरला मराठीत काय? आणि आल्फ्रेड ब्रूसला ‘मास्टर ब्रूस’ म्हणतो, त्याला काय?

प्रतिसाद, नाशिक रोडहून

ताई, तुमच्या ‘सहाय’ला शास्त्राचा आधार आहे. मी संस्कृत शिकवत असे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात नायकाच्या सोबत्यांना ‘सहाय’ हाच शब्द आहे. विट, चेट, विदूषक हे शृंगारातले सहाय. आणि उपकथानकात दूरवर साथ देणारा, नायकाहून गुणांनी किंचित कमी असा जो सहाय, तो पीठमर्द. उदाहरण दिलंय रामाला सुग्रीव. चेट म्हणजे सेवक, त्यामुळे हुद्द्याने आल्फ्रेड चेट ठरेल, पण कामाने तो पीठमर्दाच्या जवळचा आहे.

प्रतिसाद

मी नोंदणी खात्यात काम केलं आहे. तिथे ‘दुय्यम निबंधक’ हे पद आहे आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. दुय्यमचा एवढा राग कशाला? ऑस्करमध्येही तो विभाग वेगळाच आहे की.

माझं उत्तर

सर, पीठमर्दाबद्दल मनापासून आभार. मी पंचवटीत राहते, म्हणून सुग्रीवाच्या आधी मला लक्ष्मण आठवला. सीतागुंफेपासून तपोवनापर्यंत इथे रामाइतक्याच त्याच्या खुणा दाखवतात. तो बरोबर गेला, हीच त्याची सगळी गोष्ट. त्याची भूमिका दुय्यम होती, असं इथल्या एखाद्या आजीला म्हणून पाहा.

निबंधक कार्यालयात दुय्यम बरोबरच आहे, कारण तिथे उतरंड असते. नाटकात ती नसते, निदान नसावी. ऑस्करचंच घ्या. हे सहायक विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाले, पण आधीची काही वर्षं त्या विजेत्यांना पुतळा मिळत नव्हता, नुसती पाटी मिळायची. १९४४ च्या सोहळ्यापासून पूर्ण आकाराचा पुतळा मिळू लागला. मला वाटतं, दुय्यम ते सहायक हा प्रवास त्यांनी तेव्हा केला. केन यांना नायकाच्या भूमिकांसाठी चार नामांकनं मिळाली, पारितोषिक एकही नाही. दोन्ही ऑस्कर मिळाले ते सहायक भूमिकांसाठी. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतही १९८४ पासून ‘सहायक अभिनेता’ आहे.

प्रतिसाद, सिन्नरहून

बटलरला खानसामा चालेल का? आज आपण स्वयंपाक्याला म्हणतो, पण पूर्वी खानसामा म्हणजे घरातलं सगळं सामानसुमान सांभाळणारा.

आणि ‘मास्टर’बद्दल. आजोबांच्या वाड्यात एक जुने गडी होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. आमचे वडील गावात सगळ्यांचे अण्णा. तात्या मात्र त्यांना शेवटपर्यंत ‘बाळासाहेब’ म्हणत. वडील साठीचे झाले, दवाखान्यात होते, तेव्हाही तात्यांनी डबा उघडून पुढे ठेवला आणि म्हणाले, “बाळासाहेब, दोन घास खा.” तुमचा चित्रपट मी पाहिलेला नाही. पण ट्रेचं वाचलं आणि तो डबा आठवला.

माझं उत्तर

ताई, तुमचे तात्या वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही.

इंग्रजीतलं ‘मास्टर’ हेच आहे : घरातल्या लहान मुलाच्या नावामागे नोकरमाणसं लावत तो शब्द. मूल मोठं झालं की तो ‘मिस्टर’ व्हायचा. आल्फ्रेडने तो तसा होऊ दिला नाही. बाळासाहेब नेमकं तेच करतं. फक्त आज ते विशेषनाम होऊन बसलंय, पत्रकावर वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे दुसरंच कुणी यायचं. म्हणून मी ‘धाकटे मालक’ सुचवलं आहे. धाकटे म्हटलं की थोरले आपोआप येतात. थोरले मालक जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी आल्फ्रेडच्या तोंडी ब्रूस धाकटाच, म्हणजे त्याच्यापुरते थोरले अजून त्या घरात आहेत.

खानसामा मला जुन्या अर्थाने आवडला, पण कॉलेजातली मुलं बिर्याणीच समजतील. ‘कारभारी’ लिहिलं आहे. पेशव्यांकडेही कारभारी होते आणि आमच्याकडे शेतावरच्या बाया नवऱ्यालाही कारभारी म्हणतात. घर ज्याच्या हातात, तो.

पत्रकाची ओळ आता अशी झाली आहे : ‘वेन घराण्याचा कारभारी आल्फ्रेड – सहायक भूमिकेत मुरब्बी नट मायकेल केन’. ‘मुरब्बी’खाली तिला एक तळटीप हवी आहे. जागा दीड ओळीची आहे. कुणाला नेमकं सुचलं तर उद्या दुपारपर्यंत कळवा, संध्याकाळी छापायला जाणार आहे.