मदत हवी आहे: मॅककिनन देऊन कॉनर + बोल्डी + फर्स्ट राउंड पिक घेऊ का?

ओंटारियोकर:
मंडळी, घाईत लिहितोय. ऑफिसच्या फँटसी हॉकीत (एनएचएल या आइस हॉकी लीगच्या खऱ्या खेळाडूंची आपली कागदी टीम, त्यांच्या मॅचमधल्या आकड्यांवर गुण) माझ्याकडे नेथन मॅककिनन आहे, एकाने काइल कॉनर, मॅट बोल्डी आणि फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडायचा हक्क) देऊ केलंय, रात्री १२ ला ऑफर संपणार, मगापासून ‘ॲक्सेप्ट’वर अंगठा धरून बसलोय. व्हॅल्यू बरोबर आहे का तेवढंच सांगा.

कॅलगरीकाकू:
अरे पण पॉइंट्स लीग (सगळ्याचे मिळून गुण) की कॅटेगरी (प्रत्येक आकड्याचा वेगळा रकाना)? टीम किती? पिक म्हणतोस म्हणजे कीपर लीग (खेळाडू पुढच्या सीझनलाही ठेवता येतात ती) दिसतेय. एवढ्यावर कोण काय सांगणार!

ओंटारियोकर:
हो कीपर, १० टीम. कॅटेगरी: गोल, असिस्ट, शॉट्स, हिट्स, फेसऑफ (खेळ सुरू होताना समोरासमोर पक जिंकणं). लवकर प्लीज.

जुना_ब्रुइन:
अजिबात देऊ नकोस. नोव्हेंबर २००५ ला बॉस्टनने थॉर्नटन सॅन होजेला दिला आणि स्टुअर्ट, स्टर्म, प्रिमो असे तिघं घेतले. त्याच सीझनला थॉर्नटन १२५ पॉइंट्स करून हार्ट ट्रॉफी (लीगच्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची) घेऊन गेला. मला अजून त्रास होतो.

स्लॅपशॉट:
किती वर्षं तेच उगाळणार? १९९२ ला क्विबेकने लिंड्रॉस दिला, बदल्यात फोर्सबर्ग आला, टीम कोलोरॅडोला गेली आणि १९९६ ला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. शिवाय कीपर आहे, मॅककिननचा जन्म १९९५ चा, बोल्डीचा २००१ चा. मी असतो तर घेतलं असतं.

जुना_ब्रुइन:
फोर्सबर्ग स्वतः सेंटर (मधला फॉरवर्ड) होता ना! इथे कॉनर, बोल्डी दोघंही विंगर (कडेचे फॉरवर्ड). २०२१ ला बफलोने आयकल वेगासला दिला, बदल्यात आलेला टक चांगला निघाला, २०२२-२३ ला ७९ पॉइंट्स, पण कप त्याच वर्षी वेगासने नेला आणि प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स आयकलचे.

खडकीवाला:
ट्रेडमधलं कळत नाही, पण हॉकी म्हटलं की आमचा धनराज पिल्ले. तुटक्या स्टिकवर शिकला आणि चार ऑलिम्पिक खेळला.

विनिपेगची_नवी:
कॉनर आमच्या जेट्सचा! मॅच बघायला आलात तर आतून थर्मल घाला, मी नुसत्या स्वेटरवर गेले आणि दुसऱ्या पिरियडला काकडले.

कॅलगरीकाकू:
मूळ प्रश्नावर या रे. विंगर फेसऑफला क्वचितच उभा राहतो, म्हणजे तुझा तो रकाना जवळजवळ गेलाच. शॉट्समध्ये मॅककिनन २०२३-२४ ला लीगमध्ये पहिला होता, ४०५. आणि एक देऊन दोन घेणार तर रोस्टरमधून (टीमच्या यादीतून) कोणाला तरी काढावं लागेल, तो कोण? १० टीमच्या लीगमध्ये बरे विंगर वेव्हरवर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्यांत) मिळतात रे, असा सेंटर नाही मिळत.

ओंटारियोकर:
काढायचा तर दुसरा गोलकीपर जातोय काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. बोल्डीच्या जागी सेंटर मागून उलट ऑफर टाकलीय. पिक सोडू नको ना?

स्लॅपशॉट:
पिक बिलकुल सोडू नकोस.

कॅलगरीकाकू:
सेंटर कोणता मागितलास ते नाही लिहिलंस.