गोल्फ आयर्न: जुना पिंग आय २ ठेवू की नवीन सेट घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, इथे गोल्फ खेळणारे कोणी असतील तर जरा सल्ला द्या. मी विकेंडला खारघर व्हॅली गोल्फ कोर्सला जातो, हँडिकॅप (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) २२ च्या आसपास, म्हणजे काय लायकीचा खेळ आहे ते समजून घ्या :)

माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेला पिंग कंपनीच्या आय २ आयर्नचा (धातूच्या पातळ हेडचे क्लब) सेट आहे. १९८२ सालचं डिझाईन, मागून खोलगट, वजन सगळं कडेकडेला, त्यामुळे बॉल मधोमध नाही लागला तरी हेड हातात फारसं फिरत नाही आणि सोल (हेडचा तळ) रुंद असल्याने पावसाळ्यात मऊ जमिनीत क्लब रुतत नाही. दिसायला बेढब आहे, पण कामाचा आहे. अडचण अशी की ग्रिपा पार गुळगुळीत झाल्यात, शाफ्ट (क्लबचे दांडे) जड आहेत आणि नऊ होल झाले की कोपर बोलायला लागतं.

म्हणून एका दुकानात पिंग जी४३० मारून बघितला. सेव्हन आयर्न सिम्युलेटरवर १५५ यार्ड दाखवत होता, माझा जुना जेमतेम १३५ जातो. दुकानदार म्हणाला टेक्नॉलॉजी आहे साहेब. घरी येऊन लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा कल; तो कमी तितका बॉल लांब) बघितले तर नवीन सेव्हन २९ अंशाचा आणि पिचिंग वेज ४१ चा! जुन्या सेटांमध्ये सेव्हन ३५ च्या आसपास असायचा, म्हणजे हा जवळपास सिक्स किंवा फाइव्हच झाला की, फक्त खाली ७ लिहिलंय. मग त्या २० यार्डातले टेक्नॉलॉजीचे किती आणि लॉफ्टचे किती?

दुसरं, माझा सँड वेज (वेज म्हणजे जवळच्या शॉटचे जास्त लॉफ्टचे क्लब) ५६ चा आहे. ४१ नंतर थेट ५६, मधल्या ८०-११० यार्डात मी मारू काय? आणि एवढ्या कमी लॉफ्टचा बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबतो का? मार्च-एप्रिलमध्ये ग्राउंड टणक असतं तेव्हा तर जुन्या सेटनेही माझे बॉल ग्रीनच्या पलीकडे पळून जातात. बजेट फार ताणायचं नाहीये, सेकंडहँडही चालेल.

प्रतिसाद:
दुकानदार अर्धंच खरं बोलला. लॉफ्ट कमी केला आणि बाकी काही बदललं नाही तर बॉल खालून सुसाट जाईल, म्हणून फेस पातळ करतात आणि वजन खाली नेतात, मग तोच बॉल वर चढतो. उंची मिळते, स्पिन मात्र कमी राहतो. सिम्युलेटरवर यार्ड बघू नका, डिसेंट अँगल (बॉल किती अंशात खाली येतो) बघा, सेव्हनला ४५ च्या आसपास असेल तर बॉल थांबतो, ४० च्या खाली असेल तर पळतो. मधल्या जागेसाठी ४५-४६ आणि ५० चा असे दोन वेज लागतील, तो खर्च आत्ताच धरा. १४ क्लबची मर्यादा आहे, पण फोर आयर्न तुम्ही तसाही मारत नसाल, तो काढा. लॉफ्ट जुन्या पद्धतीचे हवे असतील तर टायटलिस्ट टी१०० चा सेव्हन ३४ चा आहे, पण २२ हँडिकॅपला तो क्लब चुकलेला शॉट माफ करत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद:
कोपर दुखतंय तर आधी शाफ्ट बघा ना राव! जुने स्टीलचे १२० ग्रॅमच्या वर असतात, निप्पॉन ९५० सारखा हलका स्टील शंभरच्या आत येतो, ग्रॅफाइट त्याहून हलका. ग्रिपा तर लगेच बदला, गुळगुळीत ग्रिप माणूस आवळून धरतो आणि कोपर तिथेच जातं. आणि तुमच्या आय २ वर ठिपका कुठल्या रंगाचा आहे?

धागाकर्ता:
निळा आहे. त्याचा काय संबंध?

प्रतिसाद:
लाय म्हणजे शाफ्टचा जमिनीशी कोन. काळा म्हणजे स्टँडर्ड लाय, निळा म्हणजे जरा उभा. सासरे उंच असतील. तुम्ही बुटके असाल तर क्लबची टाच (हेडची शाफ्टकडची बाजू) आधी जमिनीला लागते आणि बॉल डावीकडे जातो. बॉलवर मार्करने उभी रेघ मारा, ती फेसच्या बाजूला ठेवून शॉट मारा. फेसवर रेघ सरळ उमटली तर लाय ठीक, तिरकी उमटली तर नवीन सेट घेतानाही आधी लाय मोजून घ्या.

धागाकर्ता:
सासरे सहा फूट, मी पाच पाच :( आणि हो, शॉर्ट आयर्न कायम डावीकडेच जातात. रविवारी रेघ मारून बघतो, फोटो टाकतो. तोपर्यंत नवी मुंबईत ग्रिप बदलून देणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.