थीम पार्कमधील परदेशी जेवण: अस्सल असावे की ओळखीचे?

धागाकर्ती:
फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९८२ साली एपकॉट हे थीम पार्क सुरू झाले. तिथल्या तळ्याभोवती आज अकरा देशांची दालने आहेत. मोरोक्कोच्या दालनातील नक्षीकामासाठी तर राजे हसन दुसरे यांनी आपल्या देशातून कारागीर पाठवले होते. भिंतींच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा पाळला जात असेल, तर ताटाच्या बाबतीत तो सैल का पडतो? अशा उपाहारगृहांनी मूळ चवीचा आग्रह धरावा, की पाहुण्याला रुचेल तेच वाढावे?

खवय्या:
भिंत आवडली नाही तर माणूस पुढे निघून जातो. जेवण आवडले नाही तर त्याचे पैसे आणि दुपार दोन्ही वाया जातात. बऱ्याच दिवसांपूर्वी आरक्षण केलेले, सोबत लहान मुले आणि आजी-आजोबा, आणि उद्यानाबाहेर जाऊन दुसरीकडे जेवण्याची सोय जवळपास नाही, अशा स्थितीत अनोळखी पदार्थ मागवण्याचे धाडस फार थोडे जण करतात, आणि व्यवस्थापनाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून मुद्दा चवीपेक्षा जोखमीचा आहे. नॉर्वेच्या दालनातील आकर्शुस उपाहारगृहात पूर्वी मुरवलेले मासे, थंड मांस, चीज असा तिथल्या पद्धतीचा बुफे असे. बुफेत हेरिंग माशाचा एक तुकडा चाखून नावडला तर तो बाजूला सारता येतो, पोट दुसऱ्या पदार्थाने भरते. पुढे तिथे डिस्नेच्या राजकन्यांसोबतचे भोजन सुरू झाले आणि पदार्थांची यादी अमेरिकी कुटुंबांच्या ओळखीकडे झुकली. माझ्या मते तिथे नॉर्वेचे जेवण हरले नाही. लोक राजकन्यांना भेटायला येऊ लागले, एवढेच. (आणि राजकन्येच्या शेजारी बसलेली पाच वर्षांची मुलगी हेरिंगकडे पाहणार तरी कशाला?)

संशयात्मा:
मूळ चव म्हणजे नेमकी कोणाची, हेही विचारायला हवे. एपकॉटमधील जपानचे दालन मित्सुकोशी ही जपानी कंपनीच चालवते, आणि तिथले तेप्पान एदो हे उपाहारगृह गिऱ्हाइकांसमोर तापलेल्या लोखंडी तव्यावर स्वयंपाक करते. पण तेप्पानयाकी, म्हणजे तव्यावरच्या स्वयंपाकाची ही पद्धत, काही प्राचीन परंपरा नव्हे. तिचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा, आणि १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या बेनिहाना या उपाहारगृहामुळे ती अमेरिकेत घरोघरी ठाऊक झाली. म्हणजे जपानी लोकांनीच चालवलेल्या या दालनात अमेरिकी पाहुण्याला त्याच्या ओळखीचाच जपान मिळतो. याला खोटे म्हणणे मला जमत नाही.

धागाकर्ती:
जोखमीचा मुद्दा पटला. मात्र यात पाहुणा नेहमीच परका आणि बिचकणारा धरला आहे. मूळ देशाचाच माणूस समोर बसला तर काय?

खवय्या:
त्याचे उत्तर पॅरिसजवळ मिळते. तिथले डिस्ने उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले, तेव्हा अमेरिकी उद्यानाच्या शिस्तीनुसार आत मद्य मिळत नसे. जेवणाबरोबर वाइन घेणे ज्यांना पाण्याइतके स्वाभाविक वाटते, त्या फ्रेंच पाहुण्यांना हे रुचले नाही, आणि १९९३ साली नियम बदलावा लागला. शिवाय फ्रेंच कुटुंबे दुपारी ठरावीक वेळी एकदम जेवायला बसत, त्यामुळे दिवसभर थोडे थोडे खाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हिशेबाने आखलेल्या जागा अपुऱ्या पडत. तिथे अस्सल आणि ओळखीचे यांत भांडण नव्हतेच; पाहुण्याला हवे होते ते त्याचे रोजचेच जेवण, त्याच्या वेळेला.
म्हणून एपकॉटपुरते सांगायचे तर अनोळखी पदार्थ मुख्य जेवणात ठेवण्याऐवजी लहान वाटीत, उभ्याने खाता येतील असे आणि कमी किमतीत विकावेत. तिथल्या खाद्यमहोत्सवातील टपऱ्या हेच करतात, आणि आचाऱ्यांनाही तिथे हात मोकळा मिळतो. टेबलावरच्या जेवणात मात्र मुलांसाठी पास्ता असला तरी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मोठ्यांच्या यादीतूनही मूळ पदार्थ गाळण्याबद्दल.