दरमहा 5 हजार जास्त भरले तर 20 वर्षांचं गृहकर्ज पावणेपंधरा वर्षांत

सिंहगडरोडकर
40 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं. हप्ता 34,713. पहिल्याच महिन्याचं स्टेटमेंट बघितलं तर त्यात 28,333 व्याज आणि मुद्दल फक्त 6,380! बायको म्हणाली, "मग हे भाडंच झालं की." रात्री जेवणं झाल्यावर दोघं हिशोबाला बसलो. हप्त्यासोबत दरमहा 5 हजार जास्त भरले, तर कर्ज 177 महिन्यांत संपतं आणि व्याजाचे सुमारे 13 लाख वाचतात.

खरी गंमत सुरुवातीच्या वर्षांत आहे. आज 1 लाख जास्तीचे भरले तर शेवटचे जवळपास 15 हप्ते उडतात, म्हणजे भरलेला लाख वजा करूनही व्याजाचे चार लाखांवर वाचतात. तोच लाख 15 वर्षांनी भरला तर जेमतेम 50 हजार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या पाच-सात वर्षांत बोनस, इन्क्रिमेंट, जे मिळेल ते कर्जातच घालावं. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही, मग थांबायचं कशासाठी?

नाशिककर
दादा, गणित बरोबर आहे, पण मी ते करून हात पोळून घेतलेत. जानेवारी 2020 मध्ये 3 लाख कर्जात भरले आणि मुदत कमी करून घेतली. एप्रिलमध्ये पगार निम्म्यावर आला. हप्ता तेवढाच, कारण कमी झाली होती ती मुदत. मोरेटोरियम, म्हणजे हप्ते काही महिने पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज चढतच होतं. भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज घ्यायचं तर पगाराच्या स्लिपा लागतात, आणि त्याच स्लिपांवर निम्मा पगार! शेवटी धाकट्या भावाकडून उसने घेतले. तो प्रसंग अजून टोचतो.

ठाण्याची ताई
मी नाशिककरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. तेच 5 हजार दरमहा इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, 20 वर्षं घाला. 10 टक्के परतावा धरला तर सुमारे 38 लाख होतात. तुम्ही कर्ज लवकर फेडून उरलेले 63 महिने अख्खे 39,713 त्याच फंडात घातलेत, तरी पावणेतेहतीस लाखांपर्यंत पोचता. म्हणजे कर जाण्याआधी 5 लाखांचा फरक.

सिंहगडरोडकर
ताई, सगळं त्या "धरला तर" वर उभं आहे. माझे 8.5 टक्के वाचणार हे नक्की, आणि त्यावर करही नाही. शिवाय मी नव्या करप्रणालीत आहे, राहत्या घराच्या व्याजाची 2 लाखांची वजावट तिथे मिळतच नाही. आणि एफडीवाल्यांनी तर विचारच करावा. 7 टक्क्यांची एफडी, 30 टक्क्यांचा कर-स्लॅब, सेस (करावरचा उपकर) धरून हातात 4.8 टक्के. तिकडे कर्जावर साडेआठ भरायचे? आमच्याच घरात सासऱ्यांनी असं बारा वर्षं केलं.

ठाण्याची ताई
एफडीचं मान्य, शंभर टक्के. पण मी जुन्या प्रणालीत आहे, मला वजावट मिळते. त्यामुळे माझं कर्ज तुमच्याइतकं महाग पडत नाही. प्रत्येकाने स्वतःचाच आकडा मांडावा.

कोल्हापूरचा अकाउंटंट
एक गोष्ट कुणी बोललं नाही. जास्तीचे पैसे भरताना "पार्ट पेमेंट, मुदत कमी करा" असं लेखी द्या. माझ्या एका पक्षकाराचे 2 लाख बँकेने पुढचे हप्ते म्हणून जमा धरले, मुद्दल जागच्या जागी. चार महिन्यांनी स्टेटमेंटमध्ये दिसलं. भरल्यावर आठवड्याभरात शिल्लक मुद्दल तपासाच. आणि ज्यांना पैसा अडकण्याची भीती वाटते, त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज बघावं. दर थोडा जास्त असतो, पण खात्यात ठेवलेल्या रकमेवर व्याज लागत नाही आणि ती काढताही येते.

सिंहगडरोडकर
हे लेखी द्यायचं मला खरंच माहीत नव्हतं, उद्याच शाखेत जातो. नाशिककर, तुमचं वाचून एवढं बदलतो: आधी सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला, मग 5 हजार. चालेल?

नाशिककर
मला पूर्ण पगार पुन्हा सुरू व्हायला 11 महिने लागले. सहा कमी पडतात. बारा ठेवा, मग भरा.