भिंतीवरची पेन्सिलची खूण : घरातल्या बेसिनचे अनुभव लिहूया

पेठेतली लेक

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघराचे काम सध्या काढले आहे. मंगळवारी प्लंबर टेप घेऊन भिंतीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बेसिनची हाईट किती धरायची ते आत्ताच सांगा, मागनं टाइल फोडाय लागंल." त्याच्या या प्रश्नासरशी आमचे पहिले बेसिन माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याआधी आम्ही सगळे मोरीच्या कट्ट्यावर तांब्या घेऊन तोंड धूत असू. वडिलांनी मोठ्या हौसेने पांढरे बेसिन आणले आणि स्वतःच्या उंचीला सोयीचे पडेल असे बसवून घेतले. वडील जवळजवळ सहा फूट उंच होते आणि आई जेमतेम चार फूट दहा इंच. पुढची पस्तीस वर्षे आईने त्या बेसिनपाशी टाचा उंचावून तोंड धुतले. हात वर धरावे लागत असल्यामुळे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे, पोलक्याची बाही भिजे आणि थंडीच्या दिवसांतही ती तशीच ओल्या बाहीने स्वयंपाकाला लागे. तिने कधी तक्रार केली नाही आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आले नाही, याचे मला आज फार वाईट वाटते.

बेसिनची वरची कड साधारणपणे जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर ठेवतात, असे प्लंबरने सांगितले. नवी फरशी जुन्या फरशीवरच बसवणार असाल तर हे माप नव्या फरशीपासून धरावे लागते, नाहीतर बेसिन ठरवल्यापेक्षा खाली येते, हेही त्याच्याकडूनच कळले. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि या वेळचे माप तिच्याच हाताने घ्यायचे मी ठरवले आहे. शुक्रवारपर्यंत प्लंबरला सांगायचे आहे. बेसिन निवडताना, बसवताना आणि सांभाळताना तुम्हांला जे अनुभव आले असतील ते कृपया लिहा.

राजारामपुरी

आम्ही दुकानात वाडग्यासारखे बेसिन पाहिले आणि तेच घ्यायचे ठरवले, पण ते ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर ठेवायचे असते ही गोष्ट उंची ठरवताना ध्यानातच राहिली नाही. कट्टा ३२ इंचांवर झाला, त्यावर सहा इंचांचे बेसिन आले आणि कड थेट ३८ इंचांवर गेली. सात वर्षांच्या मुलीला नळापर्यंत हातच पोचत नव्हता. शेवटी कट्टा काढून २६ इंचांवर पुन्हा बसवला आणि त्यात ग्रॅनाइटची एक पट्टी फुटली. असे बेसिन आवडले असेल तर आधी त्याची उंची मोजा, ती ३२ मधून वजा करा आणि मगच गवंड्याला कट्ट्याचे माप द्या.

फिटिंगवाला, लक्ष्मीपुरी

मी बावीस वर्षे हे काम करतो. राजारामपुरीच्या वाडग्यासारख्या बेसिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बेसिनला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचे भोक असेल तर हाफ थ्रेड, म्हणजे निम्म्या भागालाच आटे असलेले, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारा जोड) लागते, कारण त्या भोकातून आत उतरलेले पाणी कपलिंगच्या खाचेतून बाहेर पडते. वाडग्यासारख्या पुष्कळ बेसिनांना ते भोक नसते आणि तिथे फुल थ्रेड, म्हणजे पूर्ण आट्यांचे, लागते. या दोहोंत अदलाबदल झाली की कपलिंग कितीही आवळले तरी खालून थेंब पडत राहतो आणि गिऱ्हाईक वॉशरला दोष देत बसते. दुकानात जाताना बेसिनचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावे.

उचगाव

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि ते फार जड आहे. सहा महिन्यांत नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो, जाळीची भोके बुजतात आणि धार वाकडी पडू लागते. पहिल्या वर्षी मी फरशी धुण्याचे ॲसिड बेसिनमध्ये ओतले. बेसिन चकाकले, परंतु कपलिंगची कडा काळी पडली, काही दिवसांनी तिच्यावर हिरवट बुरशीसारखे चढले आणि वर्षभरात ती झिजून गळू लागली. तेव्हापासून मी ॲसिडला हात लावलेला नाही. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या पिशवीत घेते, नळाचे तोंड त्यात बुडेल अशी ती पिशवी दोऱ्याने बांधते आणि अर्ध्या तासाने जुन्या दातब्रशाने घासून स्वच्छ धुते. जाळी हाताने फिरवून निघत असेल तर काढून वेगळी भिजवावी. माझ्या जाळीतून प्रत्येक वेळी चिमूटभर वाळू निघते.

कसबा बावडा

मे महिन्यात आम्ही तीन आठवडे गावी होतो. परत आल्यावर बाथरूममध्ये गटाराचा इतका वास येत होता की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. कुठे काही फुटलेले दिसत नाही. हे कशामुळे होते?

फिटिंगवाला, लक्ष्मीपुरी

काही फुटलेले नसावे. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये आणि फरशीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी साठून असते आणि तेच गटाराची हवा अडवते. घर बंद राहिले की उन्हाळ्यात ते पाणी आटते आणि वास सरळ घरात येतो. दोन्हीकडे तांब्या-तांब्या पाणी सोडा, संध्याकाळपर्यंत फरक पडेल. तरीही वास राहिला तर बेसिनखाली ट्रॅप आहे का ते पाहा. बऱ्याच घरांत नुसती घडीची प्लास्टिक पाइप नहाणीत सोडलेली असते आणि तिथे पाणी अडायला जागाच नसते.

मंगळवार पेठ

आमचे बेसिन बाथरूमच्या दाराबाहेर, जेवणघराला लागून आहे, त्यामुळे जेवून उठलेला प्रत्येक जण तिथेच हात धुतो. दर रविवारी तांबडा-पांढरा रस्सा आणि सुके मटण असते. हातांची चरबी गरम पाण्याने निघते खरी, पण पुढे पाइपमध्ये गार झाली की तिथेच थिजते. सव्वा इंची पाइप आतून निम्मी भरली होती आणि पाणी उतरायला पाच-पाच मिनिटे लागत होती. आता बेसिनशेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खिळ्याला लावून ठेवले आहेत. हात आधी त्याला पुसायचे आणि मग साबण लावायचा, असा घरात नियम आहे.

बॉटल ट्रॅप मी स्वतःच उघडतो. खाली बादली ठेवायची, ट्रॅपची वाटी कापडात धरून हाताने फिरवायची आणि काढल्यावर रबरी वॉशर नीट जपून ठेवायचा. पान्हा लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. मागच्या श्रावणात वाटीतल्या काळ्या गाळात मला काहीतरी चमकताना दिसले. चिमटीत धरून पाण्याखाली नेले, तर सौभाग्यवतींची नाकातली चमकी निघाली. ती हरवून आठ महिने झाले होते आणि तिने त्यापायी सगळे अंथरूण उसवून पाहिले होते.

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ

आमचे घर तळमजल्यावर आहे, म्हणून पुराबद्दल लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली की आमच्या भागात सामान वर न्यायची तयारी सुरू होते. ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीघरातून आले. बेसिनची पाइप नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेली होती आणि गटार उलटे वाहू लागल्यावर त्या जाळीतून काळे पाणी बुडबुडत वर आले. पूर ओसरल्यावर आम्ही बेसिन धुतले, ट्रॅप काढून गाळ उपसला आणि सगळे ठीक झाले असे समजलो. परंतु भिंत महिनोन्महिने ओली होती आणि बेसिन भिंतीला धरून ठेवणारे आतले रॅग बोल्ट गंजत होते, हे कुणाला दिसले नाही. पुढच्या उन्हाळ्यात बेसिन हाताला हलू लागले. बोल्ट काढला तर त्याच्याबरोबर मूठभर भुसभुशीत सिमेंट बाहेर आले.

त्यानंतर बाहेरच्या गटाराच्या चेंबरपाशी उलटे पाणी अडवणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आणि बेसिनला गंज न धरणारे स्टीलचे बोल्ट घातले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या वेळी पाणी उंबऱ्यावरून आले, पण नहाणीतून आले नाही आणि त्यामुळे सामान हलवायला आम्हांला काही तास अधिक मिळाले. त्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर झडप पूर्ण मिटत नाही, म्हणून दर मे महिन्यात तो उघडून साफ करावा लागतो.

ताराबाई पार्क

धागा सुरू करणाऱ्या ताईंना कळकळीने सांगते. माझे सासरे उठताना तोल सावरायला नेहमी बेसिनची कड धरत. एके दिवशी सगळा भार पडला आणि भिंतीतून बोल्टसकट बेसिन खाली आले. फुटलेल्या चिनी मातीची धार काचेसारखी असते; त्यांच्या पिंडरीला सात टाके पडले. बोल्ट विटेत न जाता नुसत्या गिलाव्यात आणि टाइलमागच्या पोकळीत अडकलेले होते, हे नंतर कळले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, तेव्हा बेसिनशेजारी धरायला स्टीलचा दांडा वेगळा बसवून घ्या आणि त्याचे बोल्ट विटेत जात आहेत हे समोर उभे राहून पाहा.

गंगावेस

अँगल कॉक, म्हणजे बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा नळ, महिन्यातून एकदा बंद-चालू करत जा. आमचा सहा वर्षे हलवलाच नव्हता. कनेक्शन पाइप फुटली त्या रात्री तो फिरेना, आणि गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही पाणी उपसत होतो.

पेठेतली लेक

सर्वांचे मनापासून आभार. ताराबाई पार्कच्या ताईंचा निरोप वाचून त्याच संध्याकाळी दांडा आणला. काल प्लंबर आला तेव्हा आईला भिंतीसमोर उभे केले आणि तोंड धुताना धरते तशी ओंजळ धरायला सांगितले. तिने डोळे मिटून, थोडे वाकून ओंजळ धरली. प्लंबरने तिच्या कोपराखाली पेन्सिलची रेघ ओढली. माप ३० इंच आले. "आज्जी, हितं चालंल का?" असे त्याने विचारल्यावर आई बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अजून दोन बोटं खाली घे बाळा, हिवाळ्यात अंग आखडतं." भाऊ वडिलांसारखाच उंच आहे. त्याने वाकून पाहिले आणि मला एवढे वाकायला काही होत नाही, असे सांगितले.

बेसिन आज सकाळी साडेअठ्ठावीस इंचांवर बसले. भिंतीलगत सिलिकॉन भरले आहे आणि उद्या सकाळपर्यंत नळ सोडायचा नाही, असे प्लंबरने बजावले आहे. आईने कोरडा टॉवेल आणून दांड्यावर आत्ताच टाकून ठेवला आहे.