एक वर्ष वापरलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यावी, की नवीच नोंदवावी?

कोथरूडचा_वाचक (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमची डिझेल गाडी अकरा वर्षांची झाली असून तिच्या जागी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, असे घरात सर्वानुमते ठरले आहे. पत्नी तळेगावला नोकरी करते आणि तिचे रोजचे जाणे-येणे साधारण ७५ किलोमीटर होते. शिवाय आई-वडील चिपळूणला असल्यामुळे महिन्यातून एकदा तिकडे जाणे असते. पाच माणसे आणि त्यांचे सामान नीट मावावे, एवढीच गाडीकडून अपेक्षा आहे.

ओळखीतल्या एका गृहस्थांची महिंद्रा एक्सईव्ही ९ई विक्रीला आहे. ७९ किलोवॉट-अवर (म्हणजे ७९ युनिट वीज साठवणाऱ्या) बॅटरीचा पॅक थ्री प्रकार, नोंदणी एप्रिल २०२५ ची, धाव ११,२०० किलोमीटर आणि मागणी २५ लाख ७५ हजार रुपयांची आहे. कंपनीने या प्रकाराची एक्स-शोरूम किंमत ३० लाख ५० हजार जाहीर केली होती, म्हणजे विमा आणि इतर खर्च धरून नवी गाडी ३२ लाखांच्या आसपास जाते. सव्वासहा लाखांचा फरक आमच्यासाठी लहान नाही. मात्र १८ लाखांचे कर्ज काढावेच लागणार आहे, आणि ज्या वस्तूचा सर्वांत महागडा भाग डोळ्यांनी दिसतही नाही, ती वापरलेली घ्यावी का, या प्रश्नावर माझे मन स्थिर होत नाही. ज्यांनी असा व्यवहार केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस

आपण विचारपूर्वक विचारले आहे, म्हणून आधी पैशांचे सविस्तर लिहितो.

पेट्रोलची मोठी एसयूव्ही वर्षभर वापरलेली घेतली तर फायदा का होतो, हे आधी पाहिले पाहिजे. तिच्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे आणि महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर भरावा लागतो. पहिल्या मालकाने भरलेला हा कर दुसऱ्या मालकाला पूर्णपणे मोजावा लागत नाही, आणि सवलतीचा मोठा वाटा तिथूनच येतो. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के असून रस्ता कर आपल्या राज्यात माफ आहे. म्हणजे पहिल्या मालकाने फारसा कर भरलेलाच नसतो, त्यामुळे वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत खाली आली पाहिजे ती गाडीच्या प्रत्यक्ष घसाऱ्यामुळे. विक्रेत्याने “ऑन-रोड किमतीपेक्षा इतकी स्वस्त” असे सांगितले, तर तो हिशेब इथे पेट्रोलच्या गाडीसारखा लावता येत नाही.

दुसरा आधार विम्याचा आहे. विम्याच्या पद्धतीनुसार एक वर्ष पूर्ण झालेल्या गाडीचे मूल्य जाहीर किमतीतून २० टक्के घसारा वजा करून धरतात. ३० लाख ५० हजारांतून २० टक्के वजा जाता २४ लाख ४० हजार उरतात. उद्या दुर्दैवाने गाडी पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी सर्वसाधारणपणे या आकड्याच्या आसपास भरपाई देईल. त्याहून १ लाख ३५ हजार जास्त देऊन गाडी घेण्याचे कारण मला दिसत नाही. वाटाघाटीत हा आकडा अवश्य समोर ठेवा, कारण तो आपल्या किंवा विक्रेत्याच्या मतावर अवलंबून नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या दरापेक्षा जास्त असतो आणि अनेक बँका नव्या इलेक्ट्रिक गाडीला थोडी सवलतही देतात. समजा नव्यासाठी ९ टक्के आणि जुन्यासाठी साडेअकरा टक्के दर मिळाला, तर १८ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर हप्ता दरमहा सुमारे २,२०० रुपयांनी वाढतो आणि एकूण १ लाख ३३ हजार रुपये जास्त जातात. म्हणजे आपल्याला दिसणारा सव्वासहा लाखांचा फरक पाच लाखांच्याही खाली येतो.

विक्रेता खासगी व्यक्ती असल्यामुळे या व्यवहारावर जीएसटी लागणार नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली असती, तर जानेवारी २०२५ पासून त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर आहे आणि तो शेवटी किमतीत मिसळूनच येतो.

बॅटरीचा_अभ्यासक

हिशेबनीस यांनी किमतीचे उत्तम मांडले आहे, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हमीचे कलम. या गाडीच्या बॅटरीवरील आजीवन हमी पहिल्या खासगी मालकापुरती आहे. मालकी बदलली की ती पहिल्या नोंदणीपासून १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेवढी राहते. आपल्याला मिळणारी हमी त्यामुळे जास्तीत जास्त नऊ वर्षांची असेल. वर्षाला २२ ते २५ हजार किलोमीटर धावणाऱ्या घरात किलोमीटरची मर्यादा सुमारे आठ वर्षांतच संपेल. तरीही ती अपुरी नाही, पण विक्रेता “आजीवन हमीची गाडी” म्हणून किंमत सांगत असेल, तर ते वर्णन आपल्याला लागू होत नाही. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) पहिले नाव व्यक्तीचे आहे की एखाद्या फर्मचे, हे आधी पाहा, कारण आजीवन हमीची अट खासगी नोंदणीची आहे. हमीपुस्तिकेतील हे पान सर्व्हिस सेंटरच्या माणसासमोर उघडून वाचा आणि हमी आपल्या नावावर कशी वर्ग होते, ते लेखी घ्या.

बॅटरीच्या प्रकृतीबद्दल सांगायचे, तर पडद्यावर दिसणाऱ्या किलोमीटरवर विसंबू नका. या बॅटरीचे सेल लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारचे आहेत. ते टिकाऊ असतात, पण त्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) चार्जच्या मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ एकसारखा राहतो, त्यामुळे गाडीच्या संगणकाला उरलेल्या चार्जचा अंदाज बांधणे अवघड जाते. अशी बॅटरी मधूनमधून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज केली नसेल, तर पडद्यावरची टक्केवारी चुकू शकते. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागाच, पण त्याखेरीज घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. विक्रेत्याची संमती घेऊन गाडी २० टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत घरच्या चार्जरवर लावा आणि किती युनिट गेले ते मोजा. ७९ च्या ८० टक्के म्हणजे ६३ युनिट, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी सुमारे १० टक्के वीज धरली, तर मीटरने ७० च्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. तो ६२ च्या आतच थांबला, तर बॅटरीत दहा-बारा टक्के घट असण्याची शक्यता धरावी लागेल आणि एका वर्षात तेवढी घट मुळीच अपेक्षित नाही. ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर यासाठी जवळजवळ दहा तास लागतात, म्हणून एक रात्र मागून घ्या. जो विक्रेता या मागणीला नकार देईल, त्याच्याशी पुढे बोलताना मी तरी सावध राहीन.

चिंचवड_गॅरेज

मी गाड्यांचे काम करतो, म्हणून फक्त तपासणीचे लिहितो. गाडी लिफ्टवर चढवून पोट बघितल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका. बॅटरीचा पेटारा तळाशीच असतो आणि आपल्याकडचे उंच गतिरोधक सर्वांत आधी तिथेच लागतात. साधा ओरखडा चालेल, पण खोलगट ठोकर दिसली, तर ती विमा किंवा सर्व्हिस केंद्राच्या नोंदीत आहे का, हे पाहा. जोडण्यांपाशी किंवा गालिच्याखाली चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पाण्यात उभी राहिल्याची शंका घ्या.

टायर नीट पाहा. गाडी जड असून तिची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकदीची असते, त्यामुळे मागचे टायर लवकर झिजतात, आणि या मापाचे चार टायर बदलणे स्वस्त नाही. ब्रेक पॅड मात्र बहुधा नव्यासारखेच निघतील, कारण वेग कमी करताना बरेच काम मोटारच करते. उलट ब्रेक कमी वापरल्यामुळे डिस्कवर गंज धरतो, तेवढे बघा.

एक_मालक_नाशिक

माझा अनुभव वेगळ्या गाडीचा आहे, पण उपयोगी पडेल. मी एका व्यापाऱ्याकडून वर्षभर वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. आरसी वेळेत नावावर झाली, विमाही झाला, पण मोबाइल ॲपमध्ये गाडी आधीच्या मालकाच्याच खात्याशी जोडलेली राहिली. आमची गाडी कुठे उभी आहे, हे त्यांना दिसत होते आणि त्यांनी ठरवले असते, तर दारेही उघडता आली असती. ते भले गृहस्थ होते, म्हणून त्रास झाला नाही, परंतु खाते मोकळे होण्यात तीन आठवडे गेले आणि त्या काळात माझ्या पत्नीला गाडी वापरताना सतत अस्वस्थ वाटत असे. पूर्ण रक्कम देण्यापूर्वी ॲपमधून गाडी काढून आपल्या खात्यात घेण्याचे काम समोरासमोर करा. दोन्ही चाव्या, गाडीसोबत मिळालेली चार्जिंग केबल आणि भिंतीवरचा चार्जर यांचे काय, हेही लिहून घ्या. आपण पाहत असलेल्या एक्सईव्ही ९ई बरोबर चार्जरचे पैसे वेगळे पडत होते. ७.२ किलोवॉटचा चार्जर पन्नास हजारांचा होता आणि तो आता विक्रेत्याच्या भिंतीवर बसलेला असणार.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० लागतील. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ सुद्धा लागेल. हस्तांतरणानंतर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. विक्रेत्याची ‘नो क्लेम’ सवलत (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहते. ती गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही.

चिपळूणची_वाट

दादा, मी माहेरी याच रस्त्याने इलेक्ट्रिक गाडी नेते, म्हणून सांगते. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरताना गाडी थोडी वीज परत मिळवते आणि परतीच्या चढाला ती खर्च होते. माणसे-सामानासह सव्वादोन-अडीच टनांची गाडी ६०० मीटर वर न्यायला साधारण चार युनिट जास्त लागतात, म्हणजे ७९ च्या बॅटरीचे पाच टक्के. घाटाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

खरी अडचण घरच्या सॉकेटची असते. चिपळूणच्या आपल्या जुन्या घरातील १५ अँपियरच्या सॉकेटला व्यवस्थित अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. अर्थिंग नसेल, तर गाडी चार्जिंग सुरूच करत नाही आणि रात्री अकरा वाजता ते समजले, तर मोठी पंचाईत होते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, दाबही कमी-जास्त होतो, म्हणून पोहोचल्याबरोबर गाडी चार्जिंगला लावायची सवय ठेवा. गाडी नदीच्या बाजूला सखल जागी उभी करू नका. जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे कारण सांगावे लागत नाही.

कोथरूडचा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. आमच्या सोसायटीत माझ्या नावाचे पार्किंग आहे, पण कार्यकारिणी चार्जरला परवानगी देण्यास वेळ लावत आहे. तोपर्यंत साध्या सॉकेटवर भागेल का?

हिशेबनीस

रोजच्या ७५ किलोमीटरला सुमारे १२ युनिट लागतील आणि १५ अँपियरच्या सॉकेटवरून ती चार-साडेचार तासांत भरतात. म्हणजे रात्रीचे चार्जिंग पुरेसे आहे. ७९ ची बॅटरी रिकामी करून सॉकेटवर पूर्ण भरायची, तर मात्र चोवीस तासही कमी पडतील. चिपळूणला निघण्याच्या दोन दिवस आधीपासून भरत राहा. घरच्या मीटरवर महिन्याला तीनशे युनिट वाढली, तर आपण वरच्या, महागड्या टप्प्यात जाल, म्हणून महावितरणकडे वाहनासाठी स्वतंत्र जोडणीचा अर्ज आताच द्या.

थांबावे_असे_मत

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे लिहितो. जून २०२५ मध्ये टाटाची हॅरियर ईव्ही २१ लाख ४९ हजारांपासून आली, नोव्हेंबरमध्ये महिंद्राचीच एक्सईव्ही ९एस ही सात आसनांची गाडी १९ लाख ९५ हजारांपासून आली. नव्या गाड्यांच्या किमती अशा उतरत असताना वर्षभर जुन्या गाडीला पावणेसव्वीस लाख देणे मला पटत नाही. आपली गरज पाच माणसांची आणि रोजच्या ७५ किलोमीटरची आहे. तिला ७९ ची बॅटरी लागतेच असे नाही. लहान बॅटरीची नवी गाडी त्याच पैशांत किंवा कमी पैशांत मिळेल, कमी दराने कर्ज मिळेल आणि पहिल्या मालकाची हमीही आपली राहील. चिपळूणला जाताना साताऱ्याला चहासाठी थांबता, तेवढ्यात गाडीही चार्ज होईल.

बॅटरीचा_अभ्यासक

हा मुद्दा योग्य आहे आणि मी तो लिहायला हवा होता. तरीही मोठ्या बॅटरीचा एक लाभ विसरू नये. एकेका किलोमीटरमागे तिच्यावर कमी ताण येतो, आणि वृद्ध आई-वडिलांना अचानक पुण्याला आणायचे झाले, तर वाटेत चार्जर चालू असेल की नाही, याची चिंता कमी होते. मी प्रश्नकर्त्यांच्या जागी असतो, तर २४ लाखांच्या वर गेलो नसतो आणि त्या आकड्याला विक्रेता आला नाही, तर नवी घेतली असती.

कोथरूडचा_वाचक

काल विक्रेत्यांच्या घरी जाऊन आलो. गाडी त्यांच्या वैयक्तिक नावावर आहे आणि सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत. विम्याच्या मूल्याचा हिशेब कागदावर मांडून मी २३ लाख ९० हजार सांगितले, भिंतीवरचा चार्जर आणि त्याच्या स्थलांतराचा खर्च त्यांच्याकडे. त्यांनी दोन दिवस मागितले आहेत, पण रात्रभराच्या चार्जिंग चाचणीला लगेच होकार दिला. शनिवारी रात्री गाडी २० टक्क्यांवर आणून लावणार आहोत आणि रविवारी सकाळी चिंचवडला लिफ्टवर चढवणार आहोत. मीटरचा आकडा इथे कळवतो.